अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा आणि त्याचे परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय शिकवताना मुलं दरवर्षी जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. पुस्तकात परिणाम तीन कप्प्यांत दिलेले असतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक. कप्पे पाठ होतात, पण विषय हाती लागत नाही. एका सैनिकाचा पगार थकतो, त्यातून बंड होतं, बंडाच्या धास्तीने नवी राज्यघटना येते आणि त्याच घटनेत भलत्याच कुणाची बेडी आणखी घट्ट होते. आता हा परिणाम कोणत्या कप्प्यात टाकायचा? म्हणून उत्तरं देताना मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: या स्वातंत्र्याची किंमत कुणी मोजली आणि फळ कुणाच्या पदरात पडलं.

भांडण सुरू कशावरून झालं? नुसत्या कराच्या पैशावरून?

इंग्लंड आणि फ्रान्सचं सात वर्षांचं युद्ध १७६३ साली संपलं. इंग्लंड जिंकलं, पण डोक्यावर सुमारे १३ कोटी पौंडांचं कर्ज चढलं. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींच्या रक्षणासाठीही आपण लढलो, तेव्हा खर्चाचा वाटा त्यांनीही उचलावा, असं लंडनचं म्हणणं. १७६५ साली स्टॅम्प ॲक्ट आला. आपण घराच्या भाडेकराराला स्टॅम्प पेपर आणतो ना, तसा शिक्क्याचा कागद तिथे मृत्युपत्राला, खरेदीखताला, वर्तमानपत्राला, पंचांगाला, इतकंच काय पत्त्यांच्या कॅटालाही सक्तीचा झाला.

रक्कम फार जड नव्हती. पण ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस बसत नाही, ती आमच्यावर कर कसा बसवते, हा सवाल होता. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांच्या रोजच्या कामावर पडला. ज्यांना बोलता, लिहिता, छापता येत होतं त्यांनाच सरकारने आधी दुखावलं. १७६६ साली कायदा मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. १७७० साली बाकीच्या वस्तूंवरची उठली, चहावरची राहिली.

बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आपल्या आसामचा होता का?

नाही, तो चीनचा होता. आसामच्या मळ्यांना अजून बराच अवकाश होता. पण चहाची मालकी ईस्ट इंडिया कंपनीची होती, आणि या गोष्टीचा एक धागा थेट बंगालपर्यंत जातो.

१७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली. कंपनीने त्याही दिवसांत साऱ्याची वसुली चालू ठेवली. पुढे कंपनीच डबघाईला आली. लंडनच्या गोदामांत चहाच्या थप्प्या पडून राहिल्या आणि १७७३ साली तिला सरकारकडून १४ लाख पौंडांचं कर्ज घ्यावं लागलं. त्याच वर्षी पार्लमेंटने दोन कायदे केले. कंपनीच्या भारतातल्या कारभाराला लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतो. दुसरा टी ॲक्ट. त्याने कंपनीला मधले व्यापारी वगळून थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली. दोन्ही कायदे एकाच दुखण्यावरचे, हे आपण क्वचितच सांगतो.

टी ॲक्टमुळे चहा उलट स्वस्त होणार होता. तरी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या पाण्यात फेकल्या. स्वस्त चहा पिणं म्हणजे त्यावरचा कर गुपचूप मान्य करणं. शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, आणि त्यांत चोरट्या डच चहाचा व्यापार करणारेही होते. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन याने त्या वर्षी लिहिलं की या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, तिथल्या उपासमारीने मेलेल्यांची आठवण ठेवा, आता ती आपल्याकडे वळली आहे. बंगालच्या दुष्काळाची बातमी अमेरिकेत पोहोचली होती आणि लोकांना ती बोचत होती.

स्वातंत्र्य नक्की कधी मिळालं? १७७६, १७८१ की १७८३?

४ जुलै १७७६ ला जाहीरनामा मंजूर झाला. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं. प्रश्नात "मान्यता" हा शब्द असेल तर १७८३ लिहा.

राजा गेला. पण सत्ता सामान्य माणसाच्या हाती आली का?

काही ठिकाणी आली, काही ठिकाणी नाही. पेनसिल्व्हेनियाने १७७६ च्या आपल्या घटनेत कर भरणाऱ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं आणि एकच सभागृह ठेवलं, वर उमरावांसारखं दुसरं सभागृह नको म्हणून. व्हर्जिनियात मात्र मताला जमिनीची अट कायम राहिली. तरीही बहुतेक विधिमंडळांत पूर्वी कधी न दिसलेले मध्यम शेतकरी दिसू लागले. सरदारकीच्या पदव्या देण्यावर १७८७ च्या घटनेने बंदी घातली.

मला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो तो मॅसॅच्युसेट्सचा. तिथे घटना लिहिण्यासाठी लोकांनी खास वेगळी परिषद निवडली. तिने केलेला मसुदा गावोगावच्या सभांपुढे ठेवला आणि १७८० साली तो लागू झाला. दुरुस्त्यांसह ती घटना आजही चालू आहे. विधिमंडळाने केलेला कायदा वेगळा आणि विधिमंडळालाच बांधून ठेवणारी घटना वेगळी, हा फरक इथे रोजच्या व्यवहारात उतरला. पुढे जगभर घटना समित्या बसल्या, त्यामागे हा वस्तुपाठ होता.

युद्धाचा खर्च कुणी उचलला?

काँग्रेसला, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. मग तिने नोटा छापल्या. १७७९ पर्यंत सुमारे २४ कोटी डॉलरच्या "कॉन्टिनेंटल" नोटा बाजारात आल्या, आणि वर इंग्रजांनी खोट्या नोटा छापून ओतल्या त्या निराळ्या. १७८१ पर्यंत दुकानदार त्या हातात घेईनात. "कॉन्टिनेंटलच्याही लायकीचा नाही" ही म्हण अमेरिकेत त्या दिवसांपासून पडली.

यात कर्जदारांचं काही अंशी फावलं, कारण जुनं कर्ज स्वस्त नोटांत फिटलं. बुडाले ते पगारी सैनिक, ठेवी ठेवलेल्या विधवा आणि फौजेला धान्य देऊन बदल्यात चिठ्ठी घेतलेले शेतकरी. फ्रान्स आणि हॉलंडकडून कर्जं मिळाली, पण रोजचा भार या लोकांच्या खांद्यावर होता. लढाईत, रोगराईने आणि ब्रिटिशांच्या कैदेत मिळून अमेरिकेचे सुमारे २५ हजार सैनिक मेले असा अंदाज आहे. त्यांत रोगाने आणि कैदेत मेलेले लढाईत मेलेल्यांपेक्षा बरेच जास्त. न्यूयॉर्कच्या खाडीत नांगरलेल्या तुरुंग-जहाजांत हजारो कैदी दगावले.

स्वातंत्र्य मिळून चार वर्षं होत नाहीत तोच नवी राज्यघटना का लागली?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातला एक साधा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. तीन वर्षं फौजेत काढून तो १७८३ साली घरी आला. सरकारने हातात रोख पैसे दिले नाहीत, पगाराबद्दल एक कागद दिला: इतके डॉलर देणं लागतो, पुढे केव्हातरी देऊ. इकडे शेतात तण माजलेलं, दुकानदाराची उधारी वाढलेली. त्याच वर्षाच्या जून महिन्यात थकलेल्या पगारासाठी चिडलेले सैनिक फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीभोवती जाऊन उभे राहिले, आणि काँग्रेस शहर सोडून प्रिन्स्टनला गेली. एवढ्या दुबळ्या सरकारच्या कागदाला किंमत कोण देणार? आपल्या शेतकऱ्याने तो कागद एका दलालाला विकला, रुपयाला दोन-चार आणे अशा भावाने.

आता पुढचं ऐका. मॅसॅच्युसेट्सने आपलं युद्धकर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवला, आणि कर भरायचा तो नाण्यांत. खेड्यात नाणं औषधालाही नव्हतं. कर्जरोखे आता बोस्टनच्या सावकारांकडे जमा झाले होते, म्हणजे शेतकऱ्याकडून वसूल होणारा कर व्याज म्हणून त्यांच्याच घरी जाणार. कर थकला की जप्ती. बैल जातो, जमीन जाते, आणि कर्जापायी माणूस तुरुंगातही जातो.

१७८६ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी न्यायालयं बंद पाडली. न्यायालय बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही, इतका साधा हिशेब. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा बंकर हिल आणि साराटोगाला लढलेला कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफ डागली गेली, चौघे मेले, बाकीचे बर्फातून पांगले. त्यांचा पाठलाग करायला जी फौज उभी राहिली तिचा पैसा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला होता, कारण सरकारी तिजोरीत तेवढाही पैसा नव्हता.

चार महिन्यांनी, मे १७८७ मध्ये, फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सही केली. केंद्राला कराचा अधिकार मिळाला, बंड मोडण्याची ताकद मिळाली आणि राज्यांच्या नोटा छापण्यावर बंदी आली. या तरतुदी वाचताना शेजच्या माणसांचे पाय बर्फात रुतलेले दिसले पाहिजेत. स्वातंत्र्याच्या ध्येयाइतकाच या घटनेत मालमत्तावाल्यांच्या भीतीचाही हात आहे. भाषणाचं, धर्माचं, छपाईचं स्वातंत्र्य त्या मूळ मसुद्यात नव्हतंच. लोकांनी आणि विरोधकांनी रेटा लावला म्हणून ते १७९१ साली दहा दुरुस्त्यांतून आलं.

त्या सैनिकाच्या कागदाचं पुढे काय झालं?

१७९० साली अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने ठरवलं की सगळं कर्ज, राज्यांचंसुद्धा, केंद्राने पूर्ण दर्शनी किमतीने उचलायचं. एकूण रक्कम जवळपास ८ कोटी डॉलर. पैसे मिळणार होते ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला. काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसन म्हणाला की मूळ सैनिकालाही वाटा द्या. काँग्रेसने ते फेटाळलं. दक्षिणेकडच्या राज्यांचा राज्यांचं कर्ज उचलायला विरोध होता. राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या सौद्यावर तो मिटला. वॉशिंग्टन शहर तिथे आहे त्याचं हे कारण.

देशाची पत मात्र खरोखर सुधारली, हे हॅमिल्टनचं श्रेय मान्यच करायला हवं. युरोपचं भांडवल येऊ लागलं आणि १७९१ साली राष्ट्रीय बँक निघाली. तरी मला तो सैनिक विसरता येत नाही. त्याने कागद दोन आण्यांनी विकला, तो सोळा आण्यांनी वटला, आणि वटवण्यासाठी लागलेला कर त्यानेच भरला. व्हिस्कीवरच्या करातून १७९४ साली पेनसिल्व्हेनियात पुन्हा बंड पेटलं. या वेळी केंद्राकडे फौज होती, आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून तिच्यासोबत काही अंतर गेला.

व्यापार वाढला की घटला?

आधी घटला. ब्रिटनने आपल्या वेस्ट इंडीज बेटांची बंदरं अमेरिकी जहाजांना बंद केली, आणि न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांचे, मासे, लाकूड, धान्य तिथेच खपत होतं. मग जहाजवाल्यांनी लांबच्या वाटा धरल्या. २२ फेब्रुवारी १७८४ ला "एम्प्रेस ऑफ चायना" हे जहाज जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं भरून न्यूयॉर्कहून चीनमधल्या कॅन्टनकडे निघालं. त्याच वर्षाच्या अखेरीस एक अमेरिकी जहाज पाँडिचेरीलाही लागलं. कारखानदारी मात्र लगेच उभी राहिली नाही; विलायती कापड पुन्हा बाजारात आलंच.

मूळ रहिवाशांचं काय झालं?

सगळ्यात मोठी किंमत त्यांनी मोजली, आणि पुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळते.

इरोक्वाय संघात सहा जमाती होत्या. युद्धाने त्यांच्यात फूट पाडली. वनायडा आणि टस्करोरा मुख्यतः अमेरिकेकडून, तर मोहॉक, सेनेका, कायुगा आणि ओनंडागा मुख्यतः ब्रिटिशांकडून लढले. १७७९ साली अमेरिकेचा सरसेनापती वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनने त्यांच्या मुलखात शिरून चाळीसच्या वर गावं जाळली. मक्याची उभी शेतं कापली, फळबागा तोडल्या. पुढचा हिवाळा त्या लोकांनी नायगाराच्या ब्रिटिश किल्ल्याबाहेर उपासमारीत काढला. सेनेका लोक वॉशिंग्टनला "गावं उद्ध्वस्त करणारा" म्हणत.

१७८३ च्या तहात ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. तिथे राहणाऱ्या जमातींचा तहात उल्लेखसुद्धा नाही, ब्रिटनच्या बाजूने लढलेल्यांचाही नाही. मग त्या जमिनीची मोजणी सुरू झाली. १७८५ च्या कायद्याने सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले. प्रत्येकाचे ३६ भाग, एक भाग ६४० एकरांचा, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखीव. आपल्याकडे बांध ओढ्यानाल्याच्या कलाने वाकडेतिकडे जातात. तिथे कागदावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि तीच जमिनीवर उतरवली. ओहायो किंवा इंडियानावरून विमानाने गेलेल्यांनी ते चौकोन खिडकीतून पाहिले असतील. शाळेसाठी जमीन राखणं ही दूरदृष्टी होती, यात शंका नाही. पण ती जमीन दुसऱ्याची होती. १७९१ साली तिथल्या जमातींच्या आघाडीने अमेरिकी सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेचे सहाशेच्या वर सैनिक मारले. १७९४ साली फॉलन टिंबर्सला ती आघाडी हरली आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा बहुतेक भाग गेला.

"सगळी माणसं समान" म्हणणाऱ्यांनी गुलाम कसे ठेवले?

ठेवले, आणि त्यांनाही ते बोचत होतं. लढा सुरू झाला तेव्हा वसाहतींत सुमारे २५ लाख लोक होते, त्यांतले जवळजवळ पाच लाख गुलाम. जाहीरनामा लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता. पण एकदा बोललेला शब्द बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावात ॲश्ली नावाच्या मालकाच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, हे १७८० च्या घटनेतलं वाक्य तिच्या कानावर पडलं. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली आणि हा कायदा मला लागू का नाही, असं तिने विचारलं. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला, वर ३० शिलिंग भरपाई. तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. अशाच खटल्यांतून १७८३ पर्यंत त्या राज्यात गुलामगिरीचा कायदेशीर आधार संपला. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला. न्यूयॉर्कने १७९९ साली आणि न्यू जर्सीने १८०४ साली तीच वाट धरली.

दुसरी वाट उलट दिशेची. १७७५ साली व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडे येऊन लढतील ते मुक्त. हजारो पळाले. १७८३ साली ब्रिटिश न्यूयॉर्क सोडू लागले तेव्हा वॉशिंग्टनने आमची "मालमत्ता" परत द्या म्हणून मागणी केली. ब्रिटिश सेनापती कार्लटनने नकार दिला, मात्र जाणाऱ्या सुमारे तीन हजार जणांची नोंदवही केली: जहाज कोणतं, नाव, वय, अंगकाठी, पूर्वीचा मालक कोण. त्या वहीत एक नोंद आहे हॅरी वॉशिंग्टनची. वय ४३, मालक जनरल वॉशिंग्टन, सात वर्षांपूर्वी सोडून आला. हा हॅरी आधी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आणि तिथून १७९२ साली आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेला. तिथला कारभार पाहणाऱ्या सिएरा लिओन कंपनीनेही जमिनीवर कर लावला, तेव्हा १८०० च्या बंडात हॅरी होता.

आणि १७८७ ची घटना? तिच्यात "गुलाम" हा शब्द नाही. पण प्रतिनिधी मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, पळालेला गुलाम परत करायचा, आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी आणायची नाही, ही तिन्ही कलमं आहेत. मालकांच्या राज्यांना त्यांच्याच गुलामांच्या डोक्यांवर जास्त जागा मिळाल्या. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सात लाखांच्या घरात गेली होती. हा प्रश्न १८६५ साली, यादवी युद्धात सहा लाखांच्या वर सैनिक मेल्यानंतर, तेराव्या दुरुस्तीने सुटला.

स्त्रियांना काय मिळालं?

कायद्यात जवळपास काही नाही. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याचीच राहिली. ३१ मार्च १७७६ ला ॲबिगेल ॲडम्सने काँग्रेसमध्ये बसणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिलं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. जॉन ॲडम्सने ते हसण्यावारी नेलं. न्यू जर्सीत मात्र मालमत्तेच्या अटीमुळे अविवाहित आणि विधवा स्त्रिया मत देत असत. १८०७ साली तोही हक्क काढून घेतला. मुलींच्या शाळा वाढल्या, पण प्रजासत्ताकाला चांगले नागरिक घडवणाऱ्या आया हव्यात, हे त्यामागचं कारण होतं.

रोजच्या जगण्यात काही फरक पडला का?

पडला, आणि तो छोट्या गोष्टींत जास्त दिसतो. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कच्या लोकांनी तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला. शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला नेऊन त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या; हिशेब लिहून ठेवलेला आहे. थोरल्या मुलालाच इस्टेट देण्याचा रिवाज राज्यांनी कायद्याने मोडला. व्हर्जिनियाने १७८६ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि चर्चसाठी सक्तीची वर्गणी हा विषय तिथे संपला. गोरे नोकर मालकाला "मास्टर" म्हणायला नाखूश झाले आणि डच भाषेतला "बॉस" हा शब्द रुळला. आपण ऑफिसात रोज वापरतो तोच. न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचं नाव १७८४ साली कोलंबिया झालं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर तिथेच शिकायला गेले.

इंग्लंडशी एकनिष्ठ राहिलेल्यांचं काय झालं?

त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, काहींना डांबर फासून वर पिसं चिकटवली. सुमारे ६० हजार लोक देश सोडून गेले. त्यांच्यासाठी १७८४ साली न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढला. आजच्या इंग्रजीभाषक कॅनडाची पायाभरणी मोठ्या प्रमाणात या निर्वासितांनी केली.

फ्रेंच राज्यक्रांती यातूनच आली का?

"यातूनच" म्हणणं जास्त होईल. फ्रान्सचे रोग जुने होते. पण अमेरिकेच्या मदतीवर त्याने १०० कोटी लिव्हरांहून (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त खर्च केला, तोही कर्ज काढून. ते पेलेना म्हणून मे १७८९ मध्ये सोळाव्या लुईला इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली, आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत लढलेल्या लाफायेतने मानवी हक्कांचा मसुदा मांडला. तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असलेल्या जेफरसनचा त्यावर सल्ला घेतला होता. बॅस्टिलचा तुरुंग पडल्यावर त्याची किल्ली लाफायेतने वॉशिंग्टनला भेट पाठवली. ती आजही वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरात भिंतीवर आहे.

हैतीचंही नाव घ्यायला हवं. फ्रान्सच्या या वसाहतीतल्या गुलामांनी लढून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिकेने त्या देशाला मान्यता दिली ती १८६२ साली.

ब्रिटन या पराभवाने खचलं का?

नाही. मार्च १७८२ मध्ये पंतप्रधान नॉर्थ गेले, आयर्लंडच्या पार्लमेंटला त्याच वर्षी मोकळीक मिळाली, पण व्यापार लवकर सावरला. पूर्वी कैदी अमेरिकेला पाठवत असत. ती वाट बंद झाल्यावर ऑस्ट्रेलिया निवडला आणि २६ जानेवारी १७८८ ला पहिला ताफा सिडनीला उतरला. साम्राज्याचा भार हळूहळू आशियाकडे सरकला.

मराठ्यांशी याचा खरोखर काही संबंध आहे का?

आहे, पण जपून सांगायला हवा. ७ मार्च १७७५ ला राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली. म्हणजे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकेचं युद्ध बरोबरीने चाललं. १७७७ साली सेंट लुबिन हा फ्रेंच दूत पुण्यात आला आणि नाना फडणिसांनी त्याचं जोरात स्वागत केलं. त्याच्याकडून हाती फारसं काही लागलं नाही, पण कलकत्त्याला आणि मुंबईला धडकी भरली. १७७८ साली फ्रान्स युद्धात उतरल्यावर इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, १७७९ च्या मार्चमध्ये हैदरअलीच्या छत्राखालचं माहे बंदर घेतलं, आणि त्यामुळे तो बिथरला. नाना, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची जूट १७८० साली उभी राहिली तेव्हा ब्रिटनला अमेरिकेतून एक फौज सोडवता येत नव्हती. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना थारा देऊ नये, हे कलम त्यात आहे. त्याचा रोख फ्रेंचांवर होता.

वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज हरले ते मराठ्यांच्या डावपेचांमुळे. त्याचं श्रेय अमेरिकेला देऊ नका. उलट बाजूने पाहिलं तर अमेरिकेत हैदरचं नाव गाजत होतं. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव "हायदर ॲली" होतं आणि एप्रिल १७८२ मध्ये त्याने "जनरल मंक" हे ब्रिटिश जहाज पकडलं.

कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला हरला आणि पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. १७९२ साली श्रीरंगपट्टणला टिपूने तह केला तेव्हा कॉर्नवॉलिसच्या बाजूने मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके होते. बंगालचा जमीनसारा कायमचा ठरवून देणारा १७९३ चा कायमधारा कॉर्नवॉलिसचाच.

जोतीराव फुल्यांनी अमेरिकेच्या लोकांना पुस्तक का अर्पण केलं?

१८७३ साली "गुलामगिरी" प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी तिथल्या सज्जन लोकांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल त्यांनी ते अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी तो धडा घेऊन शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं अशी आशा व्यक्त केली. हे औदार्य १८६५ च्या मुक्तीबद्दलचं. म्हणजे १७८७ साली फिलाडेल्फियात जे टाळलं होतं ते अखेर झाल्याची दखल पुण्यातला एक माणूस आठ वर्षांत घेत होता. फुल्यांनी टॉमस पेन वाचला होता, तो लढ्याच्या पहिल्या वर्षापासूनचा लेखक. बेट, म्हणजे एलिझाबेथ फ्रीमन, डिसेंबर १८२९ मध्ये वारली. जोतीराव तेव्हा दोन वर्षांचे होते.